ट्रकाचें नाक उचलावें काय?

बैलगाडी भरण्याचें काम ज्यानें एकदां तरी जवळून पाहिलें आहे, त्याला ओझें कोठें ठेवावें हा प्रश्न किती नाजूक असतो हें सांगावयास नको. पोतीं मागच्या अंगास अधिक पडलीं तर गाडी उलाळते. जूं बैलांच्या मानेवरून वर उचललें जातें आणि चढणीवर बैलांच्या गळ्याशीं फांस बसण्याचा प्रसंग येतो. पोतीं पुढें अधिक पडलीं तर तेंच जूं मानेंत रुतून बसतें. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाल्यावर जूं हातानें उचलून पाहतो, एखादें पोतें वीतभर मागें किंवा पुढें सरकवितो, आणि मगच बैल जुंपतो. रिकामी गाडी कशी दिसते याची त्याला पर्वा नसते. भरलेली गाडी कशी चालेल हें तो पाहतो.

हाच प्रश्न आज अमेरिकेंतील मोटारमालकांपुढें निराळ्या वेषांत उभा राहिला आहे. पिकअप ट्रक म्हणजे पुढें चार-पांच माणसें बसतील अशी बंद खोली आणि मागें सामानासाठीं उघडा हौदा, अशी ही गाडी. त्या देशांत तिची लोकप्रियता एवढी कीं फोर्ड कंपनीच्या एफ मालिकेनें १९७७ सालीं ट्रकांच्या विक्रींत जो पहिला क्रमांक मिळविला तो पुढें कित्येक दशकें सोडला नाहीं. शेतकरी व सुतार यांच्यासाठीं जन्मलेली ही गाडी आतां कचेरींत जाणारे लोकही बाळगतात. टेक्ससासारख्या प्रांतांत स्थायिक झालेल्या कांहीं मराठी कुटुंबांच्या दारांतही ती उभी दिसते, आणि पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांकडे येणाऱ्या छायाचित्रांत नातवंडें तिच्या हौद्यांत बसलेलीं असतात.

अशी नवी गाडी सपाट जागीं उभी करून बाजूनें न्याहाळली, तर तिचें पुढचें अंग मागच्यापेक्षां दोन-तीन इंच खालीं झुकलेलें आढळतें. पुष्कळांच्या डोळ्यांना हें खुपतें. गाडी जणूं नाक खुपसून उभी आहे असें त्यांना वाटतें. मग बाजारांत मिळणारा ‘लेव्हलिंग किट’ नांवाचा संच आणून ते पुढची बाजू मागच्या बाजूच्या बरोबरीस आणतात. साध्या प्रतीच्या संचाला शंभर डॉलरांच्या आसपास खर्च येतो, काम अर्ध्या दिवसाचें असतें, आणि गाडी दिसावयास खरोखरच रुबाबदार होते. इतक्या स्वस्तांत इतकी शोभा मिळत असेल तर विचार तो कसला करावयाचा, असा सवाल साहजिकच निघतो.

परंतु गाडीचें नाक खालीं असणें ही कारखानदाराची चूक नव्हे. मागचा हौदा ओझ्यासाठीं आहे. या वर्गांतील पुष्कळ गाड्या माणसें व सामान मिळून पंधराशें ते दोन हजार पौंड भार वाहूं शकतात, आणि त्यांतील सामानाचा बहुतेक भार मागच्या आंसावर पडतो. तो पडला म्हणजे मागच्या स्प्रिंगा दबतात व गाडीची शेपटी खालीं येते. ती खालीं आल्यावर गाडी समतल व्हावी, अशा हिशेबानें रिकाम्या गाडीची शेपटी मुद्दाम वर ठेविलेली असते. म्हणजे रिकाम्या गाडींत जो उतार दिसतो तो वस्तुतः ओझ्यासाठीं राखून ठेविलेली जागा आहे. ती जागा अगोदरच खाऊन टाकली, तर ओझें आल्यावर काय होईल हें बैलगाडीच्या उदाहरणावरून ताडतां येईल.

हा संच करतो तरी काय, हें आतां पाहूं. या गाड्यांचें पुढचें चाक सांगाड्याला दोन आडव्या बाहूंनीं जोडलेलें असतें, एक वरचा व एक खालचा. खालच्या बाहूच्या मध्यावर स्प्रिंग आणि शॉक-अॅब्झॉर्बर यांचा एकत्र खांब उभा असतो आणि त्याचें वरचें टोंक सांगाड्यांत बसविलेलें असतें. सर्वांत साधा उपाय म्हणजे या खांबाच्या डोक्यावर, सांगाडा व खांब यांच्यामध्यें, धातूची किंवा कठीण प्लास्टिकची एक चकती घालणें. खांब चकतीइतका खालीं सरकतो, बाहू खालीं जातो, आणि चाक जमिनीवरच असल्यामुळें गाडी वर उचलली जाते. येथें तरफेचा नियम लागू होतो. खांब बाहूच्या मध्यावर व चाक बाहूच्या टोंकाला असल्यामुळें चकती १ इंच जाड असली तर गाडी १ इंचाहून अधिक उचलली जाते. कांहीं गाड्यांत तर जवळजवळ दुप्पट. चकतीची जाडी हीच गाडीची वाढणारी उंची, असें समजून वस्तु मागविणारे फसतात ते येथेंच.

दुसऱ्या प्रकारांत चकती खांबाच्या आंत, स्प्रिंगेच्या टोंकाशीं बसवितात. त्यामुळें स्प्रिंग आगाऊच अधिक दाबली जाते व गाडी वर येते. परंतु शॉकची एकंदर लांबी तीच राहते. गाडी वर आल्यामुळें तो नेहमींच अधिक ताणलेल्या स्थितींत असतो. चाक खड्ड्यांत उतरूं लागलें कीं त्याची धांव लौकर संपते आणि गाडींतल्यांना खट्कन ठोका बसतो. शिवाय हें काम घरीं करूं जाणें धोक्याचें आहे. दाबलेल्या स्प्रिंगेंत एवढी शक्ति कोंडलेली असते कीं ती हातून सुटली तर माणूस दगावूं शकतो. सर्वच ट्रकांची रचना मात्र एकसारखी नसते. जनरल मोटर्सच्या जड जातीच्या ट्रकांत स्प्रिंगेऐवजीं पिळाची दांडी असते, आणि तिची किल्ली बदलून किंवा फिरवून उंची वाढवितां येते. फोर्डच्या सुपर ड्यूटी जातीच्या चारी चाकें ओढणाऱ्या ट्रकांत पुढचा आंस अखंड असतो, तेथें स्प्रिंगेखालीं किंवा वर ठोकळा घालतात. आणि ज्यांची ऐपत आहे ते संपूर्ण खांबच नवा, योग्य लांबीचा, विकत घेतात; सर्व उपायांत हा महाग, पण गाडीच्या चालीला सर्वांत कमी बिघडविणारा.

गाडी वर उचलली म्हणजे बाहूंचा कोन बदलतो, आणि एका कोनाबरोबर दुसरे पुष्कळ कोन बदलतात. चाक रस्त्यावर उभें कसें राहतें, पुढें पाहतांना किंचित् आंत वळतें कीं बाहेर, आणि वळण घेतल्यानंतर आपोआप सरळ होण्याची त्याची प्रवृत्ति किती, या तीन गोष्टी कारखान्यांत अंशाच्या अपूर्णांकापर्यंत जुळविलेल्या असतात. चकती घालतांच तिन्ही बिघडतात. म्हणून चकती बसविल्यावर त्याच दिवशीं चाकांची अलाइनमेंट करून घेणें हा शोभेचा उपचार नाहीं. तो टाळला तर महागडे टायर एका कडेनें झिजतात, आणि हमरस्त्यावर सुकाणूचक्र हातांत सैल वाटूं लागतें. संच स्वस्त पडला, टायर मात्र महाग पडले, ही हकीकत मोटारदुरुस्तीच्या दुकानांत नवी नाहीं.

बाहूंच्या टोंकांशीं असलेले बॉल-जॉइंट आणि पुढच्या चाकांना शक्ति पोंचविणाऱ्या दांड्यांचे सांधे हेही आतां अधिक तिरक्या स्थितींत फिरूं लागतात. १ इंचानें फारसें बिघडत नाहीं. २ इंचांच्या पुढें मात्र कांहीं गाड्यांत वरचा बाहू स्प्रिंगेला घासूं लागतो, आणि सांध्यावरचें रबरी आवरण फाटून आंतलें ग्रीज बाहेर पडतें. तेव्हां वरचे बाहूही बदलावे लागतात, आणि शंभर डॉलरांचें काम हां हां म्हणतां हजारावर जातें.

हें सर्व मालकाच्या खिशाचें झालें. रस्त्यावर दुसरेही लोक असतात, आणि त्यांचा विचार प्रथम दिव्यांपासून करावा लागतो. मोटारीचे पुढचे दिवे, झोत खालीं केलेला असतांना, किंचित् जमिनीकडे झुकलेले असतात. समोरच्या चालकाचे डोळे दिपूं नयेत हाच त्यांतला हेतु. आतां त्रैराशिक मांडून पाहावें. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर १४५ इंच धरूं, कारण मोठ्या पिकअप ट्रकांत तें त्याच्या आसपास असतें. पुढची बाजू २ इंच उचलली, तर १४५ इंचांत २ इंच या प्रमाणानें झोत वर कलतो. २५ फुटांवर, म्हणजे ३०० इंचांवर, तो सुमारें ४ इंच वर जाईल. २०० फुटांवर तोच सुमारें ३३ इंच वर जाईल, आणि खुद्द दिवाही २ इंच उंच झालेला असतो तो निराळाच. जो झोत रस्त्याच्या खडीवर पडावयाचा तो समोरून येणाऱ्या लहान मोटारीच्या कांचेंत शिरतो. चालकाला स्वतःला यांत कांहींच वावगें दिसत नाहीं. उलट रस्ता दूरवर उजळलेला पाहून त्याला आनंदच होतो. दिव्यांचा कल पुन्हां जुळविण्यास एक स्क्रू, एक भिंत आणि पाव तास पुरतो. तरीही पुष्कळ लोक तो जुळवीत नाहींत. या एका आळसाला क्षमा करणें कठीण आहे.

अलीकडच्या गाड्यांत कांचेमागें कॅमेरा व पुढच्या जाळींत रडार बसविलेलें असतें, आणि अडथळा दिसतांच गाडी आपोआप ब्रेक लावते. गाडीचा कल बदलला म्हणजे या यंत्रांची नजरही बदलते. त्यांची नव्यानें जुळणी लागते कीं नाहीं हें त्या गाडीच्या पुस्तकांत पाहून घ्यावें.

दिव्यांपेक्षां गंभीर गोष्ट चालकाच्या दृष्टीची. या ट्रकांचीं नाकें मुळांतच उंच आहेत. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच आहे त्यांची धडक पादचाऱ्यास प्राणघातक ठरण्याचा संभव, ३० इंच किंवा कमी उंचीच्या व उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या मानानें, सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक असतो. हा धडकेनंतरचा हिशेब झाला. धडकेपूर्वीं चालकाला समोरचें दिसतें किती, हा हिशेब कागदावर करतां येतो. उदाहरणादाखल चालकाचा डोळा जमिनीपासून ६५ इंच, बॉनेटची पुढची कड ४८ इंच, आणि दोहोंमधील आडवें अंतर ६ फूट धरावें. डोळ्यापासून बॉनेटच्या कडेवरून काढलेली रेषा जमिनीला कडेपुढें सुमारें १७ फुटांवर टेकते. तेवढ्या अंतरांतील जमीन चालकाला दिसत नाहीं. आतां पुढचा आंस २ इंच उचलला. बॉनेटची कड आंसाच्याही पुढें असल्यामुळें ती २ इंचांहून थोडी अधिक वर जाते, आणि चालकाचा डोळा आंसाच्या मागें असल्यामुळें तो जेमतेम सव्वा-दीड इंच वर जातो. आड येणारी कड अधिक उचलली गेली, पाहणारा डोळा कमी. सतरा फुटांचे एकोणीस झाले. तीन फूट उंचीचें मूल पहिल्या स्थितींत कडेपासून सुमारें सव्वाचार फुटांच्या आंत आलें तर पूर्ण झांकलें जात होतें. आतां तें जवळजवळ साडेपांच फुटांच्या आंत झांकलें जातें. दोन इंच उंची वाढविण्यांत सव्वा फूट जागा आंधळी झाली. आणि छायाचित्रांतलीं तीं नातवंडें खेळतात तीं बहुधा त्याच गाडीच्या पुढें, घरासमोरच्या उतारावर.

आतां ओझ्याकडे परत येऊं. अमेरिकेंत पिकअप ट्रकाच्या मागें नाव, घोडे किंवा राहण्याची फिरती खोली वाहणारा ट्रेलर जोडण्याची चाल सार्वत्रिक आहे. ट्रेलरच्या एकंदर वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार त्याच्या दांडीवाटे ट्रकाच्या शेपटीवर यावा, असा तेथील रूढ नियम आहे. पांच हजार पौंडांचा ट्रेलर असेल तर ५०० ते ७५० पौंड. हा भार मागच्या आंसाच्याही मागें पडतो. आंस हा टेकू झाला, आणि शेपटी दबतांच नाक वर उचललें जातें. हें आपलें उलाळणेंच. पुढच्या चाकांवरचें वजन घटतें, आणि ज्या चाकांनीं गाडी वळवावयाची व ब्रेकांचा मोठा भाग सोसावयाचा त्यांचीच पकड ढिली होते. मूळची झुकलेली गाडी या भारानें समतल झाली असती. अगोदर समतल केलेली गाडी मात्र आतां नाक वर करून धांवते. भार पुढें वांटून देणारी स्प्रिंगांची जोडणी, किंवा मागच्या आंसावर हवेच्या फुग्यांची मदत, असे उपाय आहेत. पण एक वस्तु बसवून निर्माण केलेली अडचण दुसरी वस्तु बसवून मिटविणें हा व्यवहार शहाण्या गृहस्थाला पटण्यासारखा नाहीं.

नाक वर करण्याची ही हौस एकदां मर्यादा सोडून किती पुढें गेली तेंही सांगण्यासारखें आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागांत कांहीं तरुण आपल्या ट्रकांचें पुढचें अंग मुद्दामच पुष्कळ उंच व शेपटी खालीं ठेवूं लागले. या तऱ्हेला ‘कॅरोलिना स्क्वॉट’ असें नांव पडलें. चालकाला समोर रस्त्याऐवजीं आकाश दिसावें अशी ती बैठक! उत्तर कॅरोलिना राज्यानें २०२१ सालीं कायदा करून पुढच्या मडगार्डाची उंची मागच्याहून ४ इंच किंवा त्याहून अधिक असण्यास बंदी घातली. व्हर्जिनियानें २०२२ सालीं आणि दक्षिण कॅरोलिनानें २०२३ सालीं तोच मार्ग धरला. समतल करण्याचा साधा संच या बंदींत येत नाहीं. परंतु समतल केलेल्या ट्रकाच्या शेपटीवर जड ट्रेलर लादला म्हणजे तो त्या दिशेनेंच सरकूं लागतो, हें मालकाच्या ध्यानांत असलेलें बरें.

तर मग हा संच कोणीच घेऊं नये काय? तसें म्हणतां येत नाहीं. हिमाळ प्रदेशांत पुष्कळ लोक ट्रकाच्या पुढें बर्फ लोटण्याचा नांगर जोडतात. कोणी चिखलांतून गाडी ओढून काढणारें रहाट व पोलादी बंपर पुढें बसवितात. हें ओझें शेकडों पौंडांचें असतें आणि तें नाकावरच पडतें. तेथें पुढच्या स्प्रिंगेला आधार देणें न्याय्य आहे, मात्र चकतीपेक्षां अधिक ताकदीची स्प्रिंग घालणें शहाणपणाचें. जंगलांतल्या दगडधोंड्यांच्या वाटेनें ज्यांना खरोखरच जावें लागतें, त्यांना मोठे टायर लागतात व ते वळतांना आंतल्या पत्र्याला घासतात. त्यांनाही थोडी उंची उपयोगाची. ज्यांचा हौदा बारा महिने रिकामाच असतो आणि ज्यांना केवळ रूप हवें आहे, त्यांनीं घेतलाच तर १ ते १½ इंच उंची देणारा घ्यावा, आणि अलाइनमेंट व दिवे यांचा खर्च संचाच्या किमतींतच धरून चालावें. जे दर शनिवारीं नाव ओढीत तळ्यावर जातात त्यांना मात्र, स्पष्ट सांगावयाचें तर, या संचाची गरज नाहीं.

संच बसविला म्हणजे कंपनीची हमी रद्द होते, असें विक्रेते सर्रास सांगतात. तेंही पूर्ण खरें नव्हे. अमेरिकेंत १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. त्याप्रमाणें परक्या दुकानाची वस्तु बसविली एवढ्याच कारणावरून कंपनीला हमी नाकारतां येत नाहीं, त्या वस्तूमुळेंच बिघाड झाला हें दाखवावें लागतें. पण फाटलेला सांधा आणि झिजलेला बॉल-जॉइंट यांच्या बाबतींत तें दाखविणें कंपनीला फारसें अवघड जात नाहीं.

आपल्याकडेही टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस यांसारखे पिकअप खाजगी मालकांच्या हातीं आले आहेत, आणि त्यांचें नाक उचलण्याची इच्छाही त्यांच्याबरोबर आली आहे. येथें कायदा अधिक कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकानें मुळांत नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. म्हणून महाराष्ट्रांतील मालकानें दुकानांत जाण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत व आपल्या विमा कंपनीकडे चौकशी करावी; अपघातानंतर करावी लागणारी चौकशी फार निराळी असते.

निर्णयासाठीं शेवटीं लागतें काय, तर शिंप्याची फीत आणि एक सपाट फरशी. गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर मोजावें व टिपून ठेवावें. मग नेहमींचा भार, जेवढा वर्षांतून खरोखर अनेकदां वाहिला जातो तेवढा, हौद्यांत किंवा ट्रेलरवर घालावा, घरचीं माणसें आपापल्या जागीं बसवावीं, आणि पुन्हां मोजावें. दोन्ही वेळचे आकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे भरलेल्या गाडींत पुढचा व मागचा फरक किती उरतो तें कळतें. तो शून्याजवळ आला तर गाडी कारखान्यांतूनच समतल होऊन आलेली आहे. भार भरूनही नाक १ इंच खालीं राहत असेल, तर १ इंचाचीच उंची देणारी चकती मागावी, आणि अडीच इंचांची दुकानदाराच्या फळीवर राहूं द्यावी.